गुरुवारचा बॅकअप

चाकणच्या आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी ऑफिसातला कॉम्प्युटर मोकळा असतो, म्हणून बॅकअप आपोआप गुरुवारी दुपारी चालेल असा मी लावला होता. तो दर आठवड्याला फेल जायचा. सेटिंग तपासली, हार्ड डिस्क बदलली, नुसता वैताग. शेवटी एका गुरुवारी स्वतःच गेलो, तर मेन स्विच बंद! तडक गेटवरच्या मामांना गाठलं. ते इथल्याच गावचे.

"मीच बंद करतो," ते शांतपणे म्हणाले. "आठवडाभर राबतंय बिचारं. एक दिस सुट्टी नको व्हय त्याला?"

भांडायला गेलेला मी परत ऑफिसात आलो आणि स्विच चालू केला. बॅकअप बुधवारी जेवणाच्या सुट्टीत लावून निघालो, तेव्हा गेट उघडत मामांनी विचारलं, "आन् तुमी वं? तुमाला न्हाई का सुट्टी?"