दहाव्या ओळीवरचा ऑर्गन

२००३ साली, दिवाळीनंतरच्या पहिल्या मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, आदल्या दिवशी दुपारी, पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत, वडशातल्या एका डीटीपी सेंटरमध्ये कॉम्प्युटरवर उतरवलेली नांदी वाजली नाही. पडद्यावर सूर दिसत होते. त्यांच्यावरून एक उभी रेघ सरकत होती. आवाज नव्हता.

मी तिथे बातमी फॅक्स करायला गेलो होतो. चपला दाराबाहेर काढायच्या, हा त्या खोलीचा नियम होता. आत तिघे होते. सेंटर चालवणाऱ्या बाई, एका नाटक कंपनीचे मालक आणि त्याच कंपनीचे ऑर्गनमास्तर.

मास्तरांना पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात मांडीवर पडून असे. बोलता येत होते, तेही सावकाश. गाता येत नव्हते. दरवर्षी हंगामासाठी ते नवी नांदी बांधत. यंदाची त्यांनी दवाखान्याच्या खाटेवर मनात बांधली होती. ती कुणीच ऐकली नव्हती, त्यांनीही नाही. चार दुपारी ते एकेक स्वर सांगत गेले आणि बाईंनी माऊसने तो पडद्यावरच्या ओळींवर बसवला. मास्तरांच्या जागी घेतलेला नवा वादक संध्याकाळच्या तालमीला येणार होता. तोवर चाल ऐकायला मिळाली नाही तर त्याची स्वतःची नांदी घ्यायची, असे मालकांनी ठरवले होते.

"मास्तर, तुमची नांदी मौनव्रत धरून बसली का जी?" मालक म्हणाले.

मास्तरांनी बाईंकडे पाहिले. "बाई, हे मुकं काऊन झालं?"

"मलेच नाई समजून राह्यलं, मास्तर."

स्पीकर बिघडला नव्हता. बाईंनी सीडी लावली, गाणे वाजले. वायर काढून पुन्हा खोचली, फरक पडला नाही. मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या भोंग्याच्या चित्रावर दोनदा क्लिक केल्यावर आवाजाच्या दांड्यांची चौकट उघडली. सीडीची दांडी वेगळी होती, सुरांची वेगळी. सुरांच्या दांडीखाली, आवाज बंद ठेवणाऱ्या चौकोनात बरोबरची खूण होती. बाईंनी ती काढली.

नांदी सुरू झाली. आधी नटांनी गायचे तुकडे आले, पियानोसारख्या आवाजात, पण स्वच्छ. मग ऑर्गनची ओळ आली आणि स्पीकरमधून थाळी, डबा, घंटी, पुन्हा डबा असे आवाज निघाले. त्यांच्याखाली, तबल्याच्या जागी, कुणीतरी पियानोची एकच पट्टी ठोकत होते.

"हे नांदी हाये का बँडपार्टी?" मालकांनी विचारले.

मदतीची पाने इंग्रजीत होती. ती मी वाचली. हे सॉफ्टवेअर ओळींना वरून खाली क्रमाने चॅनेल, म्हणजे आवाजाची एकेक वाट, देत होते आणि दहावी वाट फक्त तालवाद्यांची होती. त्या वाटेवर सा टाकला तर सा वाजत नाही, ढोल वाजतो.

"ऑर्गन दहावा कसा काय आला?" मी विचारले.

बाईंनी टेबलावरचे हस्तपत्रक पुढे सरकवले. ते त्यांनीच छापले होते. आधी नायक, मग नायिका, खलनायक, विनोदी नट, असे नऊ जण. त्यानंतर ऑर्गन आणि शेवटी तबला. नांदीच्या ओळी त्यांनी याच क्रमाने मांडल्या होत्या. झाडीपट्टीत दुसरा क्रम कुणाला सुचला नसता.

"तबला वर घ्या लागते," बाई म्हणाल्या. "ऑर्गन त्याच्या खाली."

"तबल्याच्या खाली?" मालक हसले. "चालते का मास्तर?"

"टाका जी," मास्तर म्हणाले. "वाजलं पाहिजे."

बाईंनी दोन्ही ओळींची अदलाबदल केली आणि बटण दाबले.

या वेळी तबला तबल्यासारखा नव्हता, पण ताल धरून होता. ऑर्गन ऑर्गनच होता. एक लांब सूर आला आणि तुटेना. माणसाने वाजवलेला सूर मध्ये कुठेतरी दम घेतो. हा घेत नव्हता. फॅक्सचा कागद माझ्या हातात तसाच राहिला. मालकांनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालात दाबून धरला. मास्तर पडद्याकडे नाही, स्पीकरकडे पाहत होते. टेबलाखाली त्यांचा अनवाणी डावा पाय वर-खाली होत होता, ऑर्गनचा भाता मारावा तसा, संथ, तालात.

"हवा कोन देऊन राह्यला?" त्यांनी विचारले.

"कोनी नाई, मास्तर," बाई म्हणाल्या.

नांदी संपली. त्यांचा पाय आणखी काही वेळ हलत राहिला. मग त्यांनी अंतऱ्यातला एक गंधार कोमल करायला सांगितला. बाईंनी केला.

"पुन्हा लावा," मालक म्हणाले.

संध्याकाळी नव्या वादकाने स्पीकरजवळ बसून चाल उचलली. दुसऱ्या रात्री मंडईतला प्रयोग याच नांदीने सुरू झाला. मास्तर विंगेत खुर्चीवर बसले होते. मांडवात वाटलेल्या हस्तपत्रकात ऑर्गन दहावा होता, तबला अकरावा.