सोयाबीनची मेणबत्ती आणि आमची नलूताई

उरलेलं मेण परत वितळवून वापरता येतं. किस्से मात्र नुसते साचत जातात!

मेहकरात आम्ही तिघी सोया मेणाच्या मेणबत्त्या करतो. मी, शिवणकाम सोडून आलेली रुखसाना आणि सगळ्यांत मोठी नलूताई. सुरुवातीला एकच धास्ती होती. पुण्याच्या एका दुकानाची ऑर्डर मिळाली नाही तर काम बंद, आणि गुडघे गेलेल्या नलूताईला परत निंदायला वावरात जावं लागणार.

*

ट्रेनिंग द्यायला आलेल्या मॅडमनी सांगितलं, "पॅराफिनला पर्याय म्हणून अमेरिकेत सोयाबीनच्या तेलाचं मेण करायला लागले."

नलूताई म्हणाली, "पाहा बाई! सोयाबीन अमेरिकेत जाऊन मेण झालं, अन् मी जन्मभर सोयाबीन कापून मेहकरच्या पुढं गेली नाही!"

मॅडम पुढचं विसरल्या.

*

जागा दिली रुखसानाच्या अब्बांनी, म्हणजे आमच्या चाचांनी, फुकट. ते गाद्या भरतात. त्यांच्या शेडमध्ये आमच्या पहिल्या मेणबत्त्यांवर कापूस उडून बसला. सगळ्या केसाळ!

दुसऱ्या दिवशी शेड रिकामी. सगळी रुई चाचांनी स्वतःच्या खोलीत नेली होती.

"चाचा, तुम्ही झोपणार कुठं?"

"रुईवर! तुमचं मेण थिजू द्या आधी."

या माणसाचे उपकार आम्ही कसे फेडणार, कोण जाणे.

*

रंगासाठी नलूताईनं मेणात चिमूटभर कुंकू घातलं. मेणबत्ती पेटली, फडफडली, गेली. मॅडम फोनवर म्हणाल्या, "कुंकू मेणात विरघळत नाही, वातीत अडकतं."

"देवाले चालते, मंग वातीले काऊन चालत नाही?" नलूताईचा सवाल.

*

थंडीत ग्लासात ओतलेलं मेण झटकन थिजून त्याला तडे जायचे. मी ग्लासांवर घरची गोधडी टाकली. तडे थांबले! नवरा दोन दिवस गोधडी शोधत होता. सापडली तेव्हा ग्लासांकडे बघून म्हणाला, "राहू दे, लेकरं झोपलीत." त्याच दिवशी त्यानं स्वतःसाठी नवीन ब्लँकेट आणलं. असा नवरा मिळायला नशीब लागतं.

*

शेवटी पुण्याच्या दुकानवाल्या बाई सकाळीच तपासायला आल्या. नलूताईनं त्यांच्यासमोर मेणबत्ती लावली. बाईंनी वास घेतला, मान डोलावली आणि फुंकर मारून ती विझवली.

नलूताईनं काडी ओढून ती परत लावली.

"बाई, दिव्याले तोंडानं फुंकत नाही."

"मग विझवायची कशी?"

"विझवाची काऊन? तिची ती शांत होते. तुम्ही बसा."

ऑर्डर गेली, असं मी धरूनच चालले. पण बाई बसल्या. जेवल्या. नलूताईच्या गुडघ्यांची चौकशी केली. ज्योत सरळ, धूर नाही, काच स्वच्छ. दुपारी त्यांनी वही काढून वर्षभराची ऑर्डर लिहिली. नलूताईनं पदर डोळ्यांना लावला. मीही रडले, खोटं कशाला सांगू!

पाच वाजता रुखसाना म्हणाली, "बाई, तुमची बस निघून राह्यली."

बाई हलल्या नाहीत. त्यांनी पुण्याला घरी फोन लावला.

"अहो, आज काही येणं जमत नाही. इथं दिवा चालू आहे ना अजून!"