स्टोअरमधली सुंदरा

हिरामण ठोंबरे कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायचा. धूळ नको म्हणून सगळेच काढत, पण हिरामण पायही धुऊन यायचा. मशीन चालू करण्याआधी त्याला हात लावून तो कपाळाला लावायचा. चहा प्यायचा दाराशी उभा राहून, बशीत ओतून. प्रिंटरच्या कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फेकू द्यायचा नाही. गणपतीच्या मखराला त्यांच्या झालरी करायचा. आणि वस्तूंना नावं द्यायचा. त्याची सायकल हरणी. टेबलावरचा पंखा मारुती.

ही नावं द्यायची खोडच त्याला नडली, असं मोरूला वाटतं.

मोरू बीए होऊन रसायनीच्या एका रंगाच्या कारखान्यात चिकटला, तेव्हा हिरामणनंच त्याला सांभाळून घेतलं. हिरामणची जमीन कारखान्याखाली गेली होती. बदल्यात घरटी एक नोकरी. ती भावाला मिळावी म्हणून सुंदरानं, त्याच्या बहिणीनं, आपला हिस्सा सोडून सही दिली. माहेर तुटू नये म्हणून सगळ्याच बहिणी देतात तशी. पुढं नवऱ्यानं टाकलं आणि ती त्याच माहेरी परत आली. हिरामणनं तिला कर्जतला टायपिंग शिकायला धाडलं. साहेबांच्या मागे लागून स्टोअरमध्ये बाहेर जाणाऱ्या मालाची चलनं टाइप करायला लावलं. टेंपररी. मधे मधे ब्रेक, म्हणजे काही दिवस घरी बसायचं.

अठ्ठ्याऐंशी साली साहेबांनी हिरामणला बोलावलं.

"ठोंबरे, ऑफिसात बटण दाबलं की चलन स्टोअरमध्ये छापून निघालं पाहिजे. एवढं करा, बहिणीला परमनंट करतो."

कॉम्प्युटर एकच होता. बाकी टेबलांवर नुसते पडदे आणि कळा. त्याला जोडलेला प्रिंटरही एकच, ऑफिसात. हिरामणनं भिंतीकडेनं पाइपातून वायर ओढली, पार स्टोअरपर्यंत. तिथं दुसरा प्रिंटर ठेवला. पहिल्या दिवशी प्रिंटरनं नुसता कचरा छापला. कॉम्प्युटरचा आणि त्याचा वेग जुळत नव्हता. हिरामण मशीनचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला. वेग जुळला. आता मशीनला नवा प्रिंटर ओळखायला नाव लागणार होतं.

त्यानं लिहिलं, सुंदरा.

"आरं, हे काय?" मोरू म्हणाला.

"तिचीच जागा हाय ती. आदी नाव लागू दे. माणूस मागनं लागंल."

पहिलं चलन निघालं तेव्हा ते सुंदरानंच फाडून घेतलं. पेढे वाटले. मग तिचा ब्रेक आला, आणि ब्रेक संपल्यावर बोलावणं आलं नाही. हिरामण साहेबांपुढं जाऊन उभा राहिला.

"आता टाइप काय करणार त्या?" साहेब म्हणाले. "सोय तर तुम्हीच केलीत."

ऑफिसात मात्र सुंदरा रोज होती.

"चलन सुंदराला सोड रं!"

"सुंदरा अडकली वाटतं. जरा थोपट तिला."

"ठोंबरे, तुमची सुंदरा आज लई गरम झालीय!"

एक दिवस सुंदरा स्टोअरमध्ये राहिलेली छत्री न्यायला आली आणि ऑफिसावरून जाताना तिनं हे ऐकलं. ती छत्री घेऊन गेली. संध्याकाळी मोरू हिरामणच्या घरी होता. ती गाठोडं बांधत होती.

"माजं नाव काढ त्यातनं," ती भावाला म्हणाली. "जमीन दिली. जागा गेली. नाव तरी माज्याकडं ऱ्हाऊ दे."

"काढतो गं. पण तू जातंस कुठं?"

"कळंबला, मावशीकडं. नाव काढलंस की ये बोलवायला. तवर भाऊबीज नाय."

पण नाव आता एका जागी नव्हतं. चलनाच्या, बिलाच्या, मालाच्या, प्रत्येक कामाच्या प्रोग्राममध्ये ते शिरलं होतं. एकदम काढलं तर सगळीच छपाई बंद पडणार. साहेब म्हणाले, महिनाअखेर झाली की बघू. ती झाली की पुढची यायची. भाऊबीजेला हिरामणच्या घरात पाट मांडला नाही.

मग त्यानं विचारणं सोडलं. 'स्टोअर' असं नवं साधं नाव मशीनला दिलं. जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, एकेका प्रोग्राममधून जुनं नाव काढू लागला.

"शिमग्याला आणतो तिला," म्हणाला.

शिमग्याआधीच त्याला कावीळ झाली. गावठी औषध घेतलं, मग दवाखाना. आठवड्यात माणूस गेला.

सुंदरा आली. भावाच्या पायाशी उभी राहिली. रडली नाही. मोरू जवळ आला तशी हळूच म्हणाली, "काढलं का रं त्यानं?"



दुसऱ्या दिवशी मोरूनं कॉम्प्युटरवर हिरामणच्या कामाची जागा उघडून पाहिली. बिलांतून नाव गेलं होतं. मालाच्या हिशेबातून गेलं होतं. चलनाचा प्रोग्राम तेवढा राहिला होता. दिवसभर चालायचा, म्हणून त्यानं तो शेवटाला ठेवला असणार.

तेवढं एक नाव काढून घ्यायचं का, असं मोरूनं साहेबांना विचारलं.

"छापतंय ना? मग राहू द्या. तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

नाव वाचण्यापलीकडं मोरूला त्यातलं खरंच काही कळत नव्हतं. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "सुंदराला सोड रं, टेंपो उभा हाय!"