वॉकमन आणि माझा टायफॉईड

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. ठाण्यातल्या एका इस्पितळात मी स्टाफ नर्स होते. दोन महिन्यांची रजा संपवून नुकतीच कामावर आले होते. टायफॉईड झाला होता, असं सगळ्यांना सांगितलेलं. खरं तर मी मनोरुग्णालयात होते. मला आवाज ऐकू यायचे, औषधांनी ते थांबले. पण हे कळलं तर माझ्या हातात कुणी इंजेक्शनची सुई देणार नाही, अशी माझी खात्री होती. वॉर्डात मनोरुग्ण आला की आमच्या इन्चार्ज सिस्टर लांबूनच गोळ्या सरकवायच्या. त्यांना भीती वाटायची आणि त्या ती लपवायच्याही नाहीत.

अशात एक डॉक्टरीणबाई, मनोरुग्णांना आवाज ऐकू येतात म्हणजे काय होतं ते आम्हा नर्सेसना शिकवायला, वॉकमन घेऊन आल्या. कॅसेटमध्ये कुजबुजणारे आवाज भरलेले. ते कानात चालू ठेवून त्यांच्या साध्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. सकाळी काय खाल्लं, घरी कोण कोण असतं, असले.

पहिल्या बसल्या इन्चार्ज सिस्टर. त्या चेंदणी कोळीवाड्यातल्या, चिडल्या की घरची बोली बाहेर यायची. कॅसेटमधली बाई ‘सगळे तुला हसतायत’ म्हणाली असावी. सिस्टर गर्रकन वळल्या.

“कोन हसतंय गो? समोर ये!”

तोवर कुणीच हसत नव्हतं. मग मात्र कुणालाच आवरेना.

वॉकमन काढला तेव्हा त्या घामाघूम झाल्या होत्या. “बिचारे,” त्या म्हणाल्या, “दिवसभर असंच चालतं त्यांचं?”

माझी पाळी आली. मी सगळी उत्तरं सरळ दिली. डॉक्टरीणबाईंनी आश्चर्याने विचारलं, “तुम्हाला त्रास नाही झाला?”

नाही म्हणून सुटता आलं असतं. पण सिस्टरांचं ते ‘बिचारे’ डोक्यातून जाईना.

“माझे आवाज याहून उद्धट होते,” मी म्हणाले. “मला टायफॉईड नव्हता झाला.”

सिस्टर तरातरा माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

“दोन महिने एकटी पडलीस तिथं? आमी काय मेलो होतो का गो? आलो असतो ना भेटाला!”

मी रडलेच. बोलणी खाऊन इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी इंजेक्शनचा ट्रे त्यांनी नेहमीसारखा माझ्याच हातात दिला.

पुढच्या वर्षी मी पुन्हा आजारी पडले, पुन्हा मनोरुग्णालयात. या वेळी भेटीच्या वेळेला सिस्टर हजर, डब्यात तळलेले बोंबील. मला वाढून झाल्यावर त्या वॉर्डातल्या बाकीच्या बायकांच्या खाटांवर बसून त्यांना वाढत राहिल्या, आणि मीठ जास्त झालंय म्हणणाऱ्या एकीशी चांगल्या कडाकडा भांडल्यासुद्धा.