बाईंचा न सापडलेला शब्द

जगातला कुठलाही प्रश्न तीन शब्दांत मावतो, आणि मावत नसेल तर तो नीट पडलेलाच नाही, असं मानणारी बाई साऱ्या बदलापुरात एकच होती आणि नेमकी तीच माझी घरमालकीण निघाली. हेंद्रेपाड्यात त्यांच्या मागच्या खोलीत मी राहायचो. त्या कॉलेजात ग्रंथपाल. मी आठवीत शाळा सुटलेला, परभणीकडून आलेला, उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात जीन्स धुण्याच्या कामावर. नळाचं गाऱ्हाणं घेऊन गेलो तरी "फापटपसारा काढ" म्हणायच्या. शेवटी मी दारातूनच "नळ, पाणी, नाही" म्हणायला शिकलो. एकदा त्यांच्याबरोबर कॅम्पात चादर घ्यायला गेलो. बाईंनी सांगितलं, एकेरी, सुती, फुलं नकोत. सिंधी दुकानदाराने फुलाफुलांच्याच चादरींचा ढीग घातला, वर "मॅडम, देखो तो सही." बाई रागावल्या नाहीत. खूश होऊन मला म्हणाल्या, "आमच्या कॉम्प्युटरसारखाच आहे हा. नको म्हटलेलंच आधी काढतो."

तो कॉम्प्युटर म्हणजे त्यांचा जीव. नव्वदनंतर कधीतरी त्यांच्या लायब्ररीत सीडीवरून जगभरचे लेख शोधायची सोय आली. मुलं प्रोजेक्टसाठी यायची. शब्द ठरवल्याशिवाय बाई कुणाला खुर्चीवर बसू देत नसत. माझ्या बोटांची सालं निघताना पाहून एका शनिवारी त्यांनी मला तिथं नेलं. शिपायाने विचारलं, हा कुठल्या वर्गातला? "प्रश्न घेऊन आलाय, बसू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी इंग्रजीत जीन्स टाकलं, कातडी टाकलं. शून्य. आपल्यासारख्यांचं कोण कशाला लिहून ठेवेल, असं वाटून मी उठायला लागलो.

"बस. शून्य आलं म्हणजे तिथं काही नाही असं नसतं. आपला शब्द चुकलाय. त्याचा भाऊबंद शोध."

कामावर वास कसला येतो, त्यांनी विचारलं. ब्लीचचा, मी म्हणालो. ते टाकलं आणि लेखांमागून लेख आले. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी रबरी हातमोजे. त्यांच्यावरच माझी बोटं आजवर टिकली.

मग बाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांची बहीण मला जवळ बसवून औषधं आणायला जायची. अशाच एका दुपारी बाईंनी माझी बोटं धरली, उलटसुलट करून पाहिली आणि काहीतरी सांगायला लागल्या. नुसता आवाज, शब्द नाही. पाणी? मान नाही म्हणाली. मग त्यांच्याच पद्धतीने गेलो. माणूस की वस्तू? इथलं की बाहेरचं? मोजे? कॉलेज? माझं गाव? प्रत्येकाला नाही. मला रडू आलं, मी उठलो, तर त्यांनी डाव्या हाताने बाही ओढून मला पुन्हा खाली बसवलं.

त्या आठवड्यातच बाई गेल्या.

अजून कामावर मध्येच एखादा शब्द सुचतो. बाई, हा होता का, मी मनात विचारतो. काही येत नाही. मग त्याचा भाऊबंद घेतो.