तठे ऊन पडस का रे, बापू

शांताराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या बसस्टँडवर चहा घेत होतो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलंच नाही. राग आला. आता भांडायचं कुणाशी?

आम्ही एका गल्लीतले, एकाच बाकावरचे. मी फौजेत गेलो, तो लग्नाच्या बँडमध्ये गायला लागला. माझी पोस्टिंग लडाखला होती. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून माझी पत्रं तिला शांतारामच वाचून दाखवायचा आणि ती सांगेल ते उत्तरही तोच लिहायचा. मजकूर संपला की आई शाईचा अंगठा खाली उमटवायची... तो दिसल्याशिवाय पत्र तिचं आहे असं मला वाटायचंच नाही. एका हिवाळ्यात पत्रं थांबली. पत्र नाही म्हणजे सगळं ठीक, अशी समजूत घालून मी रजा पुढे ढकलली. घरी पोचलो तो तिच्या दहाव्याला.

पुढे मावसभावाच्या हळदीत शांतारामचं ते लडाखचं गाणं पहिल्यांदा ऐकलं. तोवर त्याची कॅसेट जळगाव-धुळ्यात घरोघर वाजत होती. बर्फ, खेचरं, गोठलेली नदी, सगळं माझ्या पत्रांतलं. तेही चाललं असतं. पण धृपदात आईच बोलली, तिच्या अहिराणीत: "तठे ऊन पडस का रे, बापू? नही पडत व्हई ते घर ये." बापू मला फक्त आई म्हणायची. लोक नाचत होते, मी हळदीचा हात घेऊन तसाच उभा.

त्याला बाजूला घेऊन विचारलं, हे तिनं कधी सांगितलं? शेवटच्या पत्रात, म्हणाला. मग ते पत्र मला का नाही आलं?

"तुले एकलाले भेटतं," तो हसला. "आते बठ्ठा खान्देशले भेटनं ना!"

सगळ्या खान्देशाला मिळालं, मला सोडून. तरी बोलणं तोडलं नाही मी. लग्नाला, मयताला भेटत राहिलो. पण त्या माणसानं कधी साधं 'चुकलं' म्हटलं नाही.

तेराव्याला त्याच्या मुलीनं, सुनंदानं, एक निळं आंतरदेशीय पत्र हातात ठेवलं. "काका, बाबांच्या पेटीत होतं." पत्ता माझ्या युनिटचा, सुवाच्य अक्षरात. आत तीच ओळ, खाली आईचा अंगठा, आणि कडेला पेन्सिलीनं गाण्याचे सूर मांडलेले.

आता रोज सकाळी ते पत्र घेऊन ओट्यावर उन्हात बसतो. गल्लीत कुणाची हळद असली की गाणं ऐकू येतंच... शांत्या, गाणं झकास होतं रे. पण पत्र टाकायचं होतंस.