बे पाऊण दीड

माझा भाऊ पुण्याला राहतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. बाबांना ताक देऊ नकोस, बाबांना रोज चालव, बाबांना दुसरा डॉक्टर दाखव. बाबा राहतात माझ्याकडे, विरार पश्चिमेला. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. तीन शब्द तेवढे उरले: हं, नको आणि पाणी. भाऊ फोनवर विचारतो, "बाबा जेवले का? बाबांना झोप लागते का?" बाबा समोरच बसलेले असतात आणि मी त्यांच्या डोक्यावरून उत्तरं देते. आमच्या दोघांच्या ते अंगवळणीच पडलं होतं.

गेल्या भाऊबिजेला मी त्याला आधीच सांगितलं, "यंदा साडी नको, पाकीट नको. बाबांना समुद्र दाखवून आण, तीच माझी ओवाळणी." बाबा मूळचे गुहागरकडचे, घराच्या मागच्या दारी समुद्र. नोकरीपायी मुंबईत आले, विरारला फ्लॅट घेतला आणि निवृत्त झाल्यावर दर रविवारी आगाशीवरून जाणारी बस पकडून एकटेच अर्नाळ्याला जायचे. तिथे दर वेळी काय बघता, असं मी विचारलं की म्हणायचे, "पाणी कुठवर आलंय ते." झटक्यानंतर ते बंद झालं. रिक्षात त्यांना धड बसता येत नाही.

भाऊ आला तो नवी गाडी घेऊन. भावजयीला माझ्या स्वयंपाकघरात ठेवलं, ओवाळणीचं ताट पाटापुढे मांडून ठेवलं, आणि निघताना मी बजावलं, "आल्यावर ओवाळीन. दीडला पानं घ्यायची, पुऱ्या गार झाल्या तर मला बोलायचं नाही." बाबांनी त्या ताटाकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आईची आठवण आली असेल.

आगाशीच्या बाजारात दिवाळीची गर्दी होती. गाडीला कुणाचं हँडल घासतंय का, याच्याकडेच भावाचं लक्ष. अर्नाळ्याला सुरूच्या झाडांत पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. तिथून समुद्र दिसेना, नुसती माणसं आणि भेळेच्या गाड्या. बाबांची चाकाची खुर्ची काढली तर ती दोन पावलांत कोरड्या वाळूत रुतली. भाऊ म्हणाला, "खालची ओली वाळू टणक असते. गाडीच नेतो खाली, बघ ना, टायरच्या खुणा आहेत."

"आणि हा बोर्ड? वाहने किनाऱ्यावर नेऊ नयेत."

"तो गाडी घुमवणाऱ्या पोरांसाठी असतो, ताई."

मी पुढे बोलणार होते. पण बाबा मान लांब करून माणसांच्या पलीकडे बघायला धडपडत होते. मी खुर्ची परत गाडीकडे वळवली.

गर्दी सोडून बरंच दक्षिणेला गेलो. मध्ये एक उथळ घळ लागली, टाचाही न बुडण्याएवढं पाणी. ती ओलांडून पलीकडच्या उंचवट्यावर भावाने गाडी उभी केली, तोंड समुद्राकडे. उजवीकडे बेटावरचा किल्ला, डावीकडे एक-दोन होड्या. मी बाबांच्या बाजूची काच खाली केली. त्यांनी वारा तोंडावर घेतला आणि डोळे मिटले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, भावाच्या सगळ्या शेळ्या मी त्या क्षणी माफ केल्या.

मग बाबांनी डोळे उघडले, सूर्य कुठे आहे ते बघितलं, समुद्राकडे बघितलं, आणि मान वळवून मागे बघायला लागले. "पाणी," ते म्हणाले.

मी बाटली उघडून त्यांच्या तोंडाला लावली. त्यांनी ती डाव्या हाताने ढकलली. अर्धी माझ्या साडीवर सांडली.

"पाणी. पाणी."

"अहो, मग प्या ना."

त्यांनी डोकं हलवलं. ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले. कपाळावर घाम आला. आणि मग स्वच्छ आवाजात म्हणाले, "दीड."

मी भावाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. दोन वर्षांत चौथा शब्द नव्हता. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी येऊन केळं, चमचा, फुगा दाखवून थकल्या होत्या. "शाबास," मी म्हटलं, आणि लहान मुलाला थोपटतात तसं त्यांच्या गालावर थोपटलं. "दीडला जेवायचंय, बरोबर. बासुंदी आहे आज."

"लक्षात राहिलं बघ त्यांच्या," भाऊ म्हणाला. त्याने खिशातून मोबाइल काढला, बाबांच्या तोंडापुढे धरला. "परत म्हणा बाबा. दीड म्हणा."

बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, की मला लहानपणीचं प्रगतिपुस्तक आठवलं. ते परत म्हणाले, दोनदा म्हणाले. भावाने दोन्ही वेळा चित्रण केलं आणि ते भावजयीला पाठवत बसला. पाठवता पाठवता त्याने आरशात बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला.

मघाशी टाच न बुडणारी घळ आता चांगली रुंद झाली होती. समुद्र समोरून आला नव्हता, तो बाजूने वळसा घालून आमच्या मागे शिरला होता. आम्ही बसलो होतो तो उंचवटा म्हणजे वाळूचं बेट झालं होतं.

"काही नाही, निघतो," भाऊ म्हणाला. गाडी सुरू केली, मागे घेतली. घळीच्या काठाशी चाकं जागच्या जागी फिरली. त्याने जोर दिला, चाकं आणखी आत गेली. उतरून टायरखाली पायपुसणी घातली, माझी ओढणीवजा शाल घातली, मी मागून लोटलं. गाडीने बैठक मारली ती मारलीच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. भाऊ मात्र गाडीभोवती फिरत म्हणाला, "थांबू जरा. ही भरतीच झालीय, आता आणखी किती येणार? पाणी उतरायला लागेल."

"तुला कुणी सांगितलं?"

"अंदाज आहे."

डोंबलाचा अंदाज. पण मलाही दुसरा अंदाज नव्हता. विरारला राहून समुद्र अर्ध्या तासावर, पण भरती कधी, ओहोटी कधी, ते मला आयुष्यात कधी लागलं नव्हतं. मोबाइलवर बघावं तर भावाच्या मोबाइलला रेंज नाही, ते चित्रणच अजून गोल गोल फिरत अडकलेलं, आणि माझा मोबाइल घरी चार्जिंगला. मी म्हटलं, बाबांना उचलून नेऊ. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उठवायचा प्रयत्न केला. बाबा अंगाने भक्कम, उजवी बाजू लाकडासारखी, आणि आमचेच पाय घोट्यापर्यंत रुतत होते. पडले असते तर पाण्यात पडले असते. परत सीटवर बसवलं. मग भावाला म्हटलं, धाव आणि माणसं आण. तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घळीत उतरला. पाणी पँटच्या वर गेलं.

गाडीत मी आणि बाबा उरलो. आवाज फक्त टायरवर पाणी आपटल्याचा. मी देव पाण्यात घालून बसतात तशी बसले होते, फक्त पाण्यात आम्ही होतो. मला रडू येत होतं आणि राग येत होता, भावाचा, गाडीचा आणि त्या ओवाळणीच्या हट्टाचा.

"दीड," बाबा म्हणाले.

"जाऊ हो जेवायला. जरा दम धरा."

त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. जोरात, लागेल असा. मग डाव्या हाताची दोन बोटं माझ्या डोळ्यांपुढे धरली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी सुरू केलं. शब्द नव्हते, चाल होती. वर जाते, खाली येते, परत वर जाते. ती चाल मला माहीत होती. परकर-पोलक्यात भिंतीला टेकून मी ती रोज संध्याकाळी म्हटली होती, चुकलं की छडी. मी नकळत त्यांच्याबरोबर म्हणायला लागले.

"एक पाऊण पाऊण."

त्यांनी दोन बोटं हलवली.

"बे पाऊण दीड," मी म्हटलं.

"हं," बाबा म्हणाले. आणि खिडकीबाहेर बोट केलं. "पाणी."

सुट्टीत गावी गेल्यावर आम्ही पोहायला जाऊ का विचारायचो, तेव्हा बाबा विचारायचे, आज तिथी कोणती? पाऊण करा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणून तर पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घेतली होती आमच्याकडून. आम्ही पाठ केली आणि कशासाठी ते विसरून गेलो. आज भाऊबीज, म्हणजे द्वितीया. बे पाऊण दीड. दीडला पाणी भरणार होतं, जेवायचं नव्हतं. गाडीतलं घड्याळ बाराला काही मिनिटं कमी दाखवत होतं. म्हणजे पाणी उतरणार नव्हतं, अजून दीड तास चढणारच होतं. आणि माझा बाप मघापासून ओरडून ओरडून तेच सांगत होता, आणि मी त्याला शाबास म्हणत होते.

भाऊ परतला तो चार माणसं आणि एक दोरखंड घेऊन. मासे सुकवायच्या जागेवरून आणली होती. होड्या ओढायचा ट्रॅक्टर मागून येतोय म्हणाला. घळीत आता माणसांच्या मांड्या बुडत होत्या. "बाबांना आतच बसू दे," भाऊ धापा टाकत म्हणाला. "गाडीसकट ओढून काढू. ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी उतरेलच."

"नाही उतरणार," मी म्हटलं. "दीडपर्यंत चढणार आहे. बाबांना आधी काढा."

"तू कधीपासून समुद्र शिकलीस?"

"बाबा सांगतायत."

"बाबा?" तो म्हणाला. "ताई, त्यांना काय कळतंय आता."

हे तो बाबांच्या खिडकीशी उभा राहून म्हणाला. मी त्याला आयुष्यात कधी शिवी दिली नव्हती, ती त्या दिवशी चार परक्या माणसांसमोर दिली. त्या चौघांतला वयस्क माणूस आमचं भांडण ऐकायला थांबलाच नाही. "पानी मागून येतंय, आदी म्हाताऱ्याला काडा," म्हणत त्याने दार उघडलं. भावाने गाडीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि शेवटी त्यांच्या पाठीखाली हात घातला.

चाकाच्या खुर्चीत बाबांना बसवून पाच जणांनी ती खुर्ची खांद्यावर घेतली. मी पुढून बाबांचे पाय धरले. घळीच्या मधोमध पाणी माझ्या कमरेला लागलं आणि एका माणसाचा पाय घसरला. खुर्ची तिरकी झाली. बाबांनी डाव्या हाताने भावाचे केस धरले, मुठीत धरले, आणि तो वेदनेने कळवळला तरी पलीकडे पोचेपर्यंत सोडले नाहीत.

ट्रॅक्टर आला तेव्हा गाडीच्या दारांना पाणी लागलं होतं. हूक अडकवायला कुणी जाईना. भाऊही जा म्हणाला नाही. भावजयीला भेळवाल्याच्या फोनवरून कळवलं आणि मग आम्ही सुरूच्या सावलीत बसलो. कुणीतरी बाबांच्या अंगावर कोरडा टॉवेल टाकला, चहा आणून दिला. समोर पाणी गाडीच्या काचांपर्यंत गेलं. हप्ते अजून सुरू व्हायचे होते त्या गाडीचे, आणि तरी मला तिच्याबद्दल काही वाटत नव्हतं.

कधीतरी बाबांनी माझ्या मनगटाला हात लावला. किती वाजले ते बघ म्हणून. मी भेळवाल्याला वेळ विचारली. दीडला पाच-सात मिनिटं कमी होती. पाणी काचेच्या त्याच जागी येत होतं आणि मागे जात होतं. थोड्या वेळाने काचेखाली ओला पट्टा दिसायला लागला.

भाऊ उठला. माझ्याकडे येईल, मला विचारेल, असं वाटलं, कारण सगळं मलाच विचारायची त्याची सवय. तो बाबांच्या खुर्चीपुढे वाळूत उकिडवा बसला. केस अजून उभे होते त्याचे.

"बाबा," तो म्हणाला, "गाडी काढायला कधी येऊ? पाणी सगळ्यात लांब कधी जाईल?"

बाबांनी समुद्राकडे बघितलं. डाव्या हाताची बोटं मांडीवर एकेक करून टेकवली, पाच झाल्यावर परत पहिलं. ओठ जुळवले. आम्ही कुणी मदत केली नाही.

"साडेसात," बाबा म्हणाले.

हा पाचवा शब्द, आणि तो पाठांतरातला नव्हता. दीडमध्ये सहा मिळवून त्यांनी तो काढला होता. मी पदर तोंडाला लावून रडले, लाज न वाटता.

"बरं बाबा," भाऊ म्हणाला, आणि मला न विचारता त्यांचा चहाचा पेला त्यांच्या डाव्या हातात दिला.